शिक्षण आत, शिक्षा बाहेर

दिल्लीतील कोणत्याही महाराष्ट्रीय संस्थेच्या सभागृहात पाऊल टाकावे, तर समोरच्या भिंतीवर लोकमान्यांची तसबीर दिसणार हे ठरलेले. दर वर्षी १ ऑगस्टला तिला हार घातला जातो, कोणी सेवानिवृत्त अधिकारी अध्यक्षस्थानी बसतात आणि मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ कसे लिहिले गेले याची हकीकत सांगितली जाते. ऐकणाऱ्यांचा ऊर भरून येतो. विनोबांची गीतेवरील प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि ती साने गुरुजींनी उतरून घेतली. त्याच गुरुजींनी पुढल्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. आपल्या भाषेतील इतकी थोर पुस्तके गजांआड जन्मली आहेत की तुरुंग हे मराठी वाङ्मयाचे एक आजोळच म्हणावे.

आणखी थोडे मागे जाऊ. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना अब्रुनुकसानीबद्दल शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिले. सुटून येऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती, तोच या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. म्हणजे, सरकारी भाषेत बोलायचे तर, दोन ‘सजायाफ्ता’ इसमांनी महाविद्यालय काढले आणि पुण्याच्या पालकांनी आपली मुले निःशंकपणे त्यांच्या हवाली केली!

आता माझा प्रश्न असा की, हेच दोघे आज केंद्र सरकारच्या एखाद्या कचेरीत कनिष्ठ जागेसाठी निवडले गेले, तर काय होईल? प्रश्न थट्टेचा वाटेल, पण त्याचे उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते उत्तर लिहिण्याचे काम माझ्याकडे असते. मी एक सामान्य पदवीधर कारकून. निवड झालेल्या उमेदवारांचे ‘अटेस्टेशन फॉर्म’ माझ्या मेजावर येतात. त्या पत्रकात एक कलम आहे. तुम्हांला कधी अटक झाली होती काय? तुमच्यावर कधी खटला झाला काय? तुम्ही कधी स्थानबद्ध होता काय? कधी दंड, कधी शिक्षा झाली काय? प्रत्येक प्रश्नापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहायचे. खोटी माहिती दिल्यास अथवा माहिती दडवल्यास उमेदवार अपात्र ठरेल, अशी ताकीद माथ्यावर छापलेली असते. टिळकांनी ‘होय’ लिहिले असते याविषयी आपणांपैकी कोणास शंका नसावी. आणि त्यानंतर त्या नस्तीचा प्रवास कसा झाला असता, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेख आहे.

काही काळापूर्वी माझ्याकडे असेच एक पत्रक आले. कचेरीचे आणि उमेदवाराचे नाव सांगण्याचे कारण नाही. मुलगा यमुनेपलीकडच्या वस्तीतला. एकोणिसाव्या वर्षी गल्लीतल्या मारामारीत पकडला गेला. आरोप खुनाच्या प्रयत्नाचा, त्यामुळे जामीन नाही. दोन वर्षांहून अधिक काळ कच्चा कैदी म्हणून आत होता. अखेर न्यायालयाने त्याला सोडले, पण निकालपत्रात शब्द होते ‘संशयाचा फायदा देऊन’. आत असताना त्याने मुक्त विद्यापीठात बी. ए. साठी नाव घातले होते आणि बाहेर आल्यावर रखडत का होईना, पदवी पुरी केली होती. नंतर स्पर्धा परीक्षेत तो आपल्या गुणांवर उतरला. पत्रकात त्याने सारे खरे लिहिले होते. अटक ‘होय’, खटला ‘होय’, शिक्षा ‘नाही’. सोबत निकालपत्राची प्रत आणि पदवीचे प्रमाणपत्र होते.

मी टिप्पणी लिहिली. दोनच ओळींची होती. उमेदवाराने अमुक कलमापुढे ‘होय’ असे नमूद केले असून सुटका संशयाच्या फायद्यावर झालेली आहे. योग्य त्या आदेशासाठी सादर. टिप्पणीत पदवीचा उल्लेख नव्हता. ती आत राहून सुरू केलेली आहे, याचा तर नाहीच नाही. नस्ती वर गेली, काही महिन्यांनी खाली आली आणि निवड रद्द झाल्याचे पत्र मीच टपालात टाकले. नियमाला धरूनच सारे झाले. कोणी लाच घेतली नाही, कोणी आकस धरला नाही, कोणाचा आवाज चढला नाही. आपल्या कचेऱ्यांत माणसाचे आयुष्य मोडते ते बहुधा असेच, शांतपणे आणि शुद्ध भाषेत.

त्या दिवसापासून एक विसंगती माझ्या मनात सलते आहे. ज्या सरकारने त्या मुलाला तुरुंगात पुस्तके दिली, परीक्षेला बसवले, पदवी दिली, त्याच सरकारने बाहेर आल्यावर त्या पदवीकडे ढुंकून पाहिले नाही. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा हा व्यवहार आपण किती दिवस चालवणार?

तिहारची गोष्ट सर्वांना ऐकून ठाऊक असते, पण तिचा हा भाग थोड्यांना ठाऊक असतो. जुने कारागृह दिल्ली दरवाजाजवळ होते. १९५८ साली ते तिहार गावाकडे हलवले गेले आणि १९६६ मध्ये पंजाबच्या ताब्यातून दिल्ली प्रशासनाकडे आले. पुढे याच तिहारमधील छळाविरुद्ध सुनील बत्रा या कैद्याचे खटले सर्वोच्च न्यायालयात गाजले आणि १९७८ व १९८० च्या निकालांत न्यायालयाने ठणकावून सांगितले की तुरुंगाच्या दारात माणसाचे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत. १९९३ ते १९९५ या काळात किरण बेदी कारागृह महानिरीक्षक असताना साक्षरतेचे वर्ग उभे राहिले आणि १९९४ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे, म्हणजे ‘इग्नू’चे, अभ्यासकेंद्र तिहारच्या आत सुरू झाले. दहावी-बारावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आली. शिकलेल्या कैद्याने न शिकलेल्यास शिकवावे, ही ‘पढो और पढाओ’ची रीत तेथे रुजली. पुस्तके आत येतात, स्वाध्याय लिहून घेतले जातात, जून आणि डिसेंबरच्या सत्रान्त परीक्षा आतच होतात. इग्नूने कैद्यांची फीही माफ केली. आपल्याकडे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने नाशिकरोड, येरवडा अशा कारागृहांत हेच काम चालवले आहे. हे सारे अभिमानास्पद आहे आणि ज्यांनी ते केले त्यांचे मी मनापासून कौतुक करतो.

परंतु हे काम तुरुंगाच्या फाटकाशी येऊन थांबते. जामिनाचा हुकूम येतो तो परीक्षेचे वेळापत्रक पाहून येत नाही. मे महिन्यात सुटलेल्या मुलाची जूनची परीक्षा तिहारच्या केंद्रात लागलेली असते, आणि ज्या जागेतून सुटण्यासाठी त्याने देव पाण्यात घातले तेथे परीक्षेसाठी परत जाणे त्याच्या स्वप्नातही येत नाही. त्याचे घर लोणीला असेल तर ते उत्तर प्रदेशात, गुरुग्रामला असेल तर हरियाणात. राजधानीचा हा परिसर आपल्याला एक वाटतो, पण कागदोपत्री तीन सरकारांत वाटलेला आहे. केंद्र बदलून घ्यायचे तर अर्ज करा, पत्त्याचा पुरावा जोडा, हेलपाटे घाला. आणि हे सर्व कोणी करायचे? ज्याला आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी लावायची आहे, वकिलाचे पैसे फेडायचे आहेत, आणि ज्याला गल्लीत कोणी कामावर ठेवत नाही, त्याने! शिक्षण सुटण्याला आळसच कारण असतो असे समजणाऱ्यांनी आपल्या बदलीच्या वेळी मुलांचे दाखले मिळवताना उडालेली तारांबळ आठवावी. आपल्याजवळ तर सरकारी शिक्क्याचे पत्र होते.

हा प्रश्न मूठभरांचाही नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० माणसे होती आणि जागा होती ४,३६,२६६ जणांची. त्यांपैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे चारातले तीन, कच्चे कैदी होते. ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध व्हायचा होता. तिहार, रोहिणी आणि मंडोली मिळून दिल्लीच्या कारागृहांची क्षमता सुमारे दहा हजारांची आणि आत कोंबलेली माणसे जवळपास दुप्पट. देशातील एकूण कैद्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश निरक्षर तरी असतात किंवा दहावीपर्यंत न पोचलेले तरी. म्हणजे ज्यांना शाळेने सोडले त्यांतल्या अनेकांना तुरुंगाने धरले. अशा माणसाने वयाच्या पंचविशीत, शेजारी चौघे-पाचजण दाटीवाटीने झोपलेले असताना, पदवीचे पुस्तक उघडावे याला काय लागते, ते बंगाली मार्केटच्या शिकवणीला मुलांना मोटारीने पोचवणाऱ्या आपल्यासारख्यांनी सांगू नये.

या लेखावर आक्षेप येतील हे मी जाणतो. पहिला आक्षेप आमच्याच कचेरीत चहाच्या वेळी ऐकलेला. ‘प्रामाणिक गरिबाच्या पोराला फुकट पदवी मिळत नाही, आणि चोराला मिळते. हा कुठला न्याय?’ बोलणाऱ्याच्या मनातली चीड मी खोटी मानत नाही. पण तिचा निष्कर्ष उलटा आहे. गरिबाच्या पोराला शिक्षण फुकट मिळत नसेल तर ते मिळावे म्हणून भांडावे. ज्याला मिळते आहे त्याच्या हातून हिसकावून घेतल्याने गरिबाच्या पोराची फी भरली जात नाही. शिवाय तो कैदी आज ना उद्या बाहेर येणारच आहे, आपल्याच बसमध्ये आपल्याशेजारी बसणार आहे. तो वाचता येणारा, कामाला लागलेला असावा की आतून नवे हुन्नर शिकून आलेला असावा, एवढाच प्रश्न आपल्यापुढे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्याच्या घरातला माणूस मारला गेला, त्याने गुन्हेगाराच्या पदवीदानाची बातमी वाचून काय वाटून घ्यावे? याचे उत्तर हलकेपणाने देता येणार नाही. त्या दुःखापुढे मान खाली घालूनच मी असे म्हणेन की न्यायाधीश शिक्षा सुनावतात ती कारावासाची. सात वर्षे म्हणजे सात वर्षे. ‘आणि त्यानंतर मरेपर्यंत बेकारी’ असे कोणत्याही निकालपत्रात लिहिलेले नसते. ती वाढीव शिक्षा आपण कारकून, कक्ष अधिकारी, अवर सचिव मिळून देतो. पुरावा न ऐकता, आरोपीला न बोलावता आणि अपिलाची सोय न ठेवता. त्यामुळे मृताच्या नातलगांना न्याय मिळतो असे मला वाटत नाही. माझ्या नस्तीतला मुलगा तर दोषीही ठरलेला नव्हता. पण माझा मुद्दा निर्दोष सुटलेल्यांपुरता नाही. ज्याने खरोखर गुन्हा केला, जो शिक्षा पुरी भोगून आला आणि त्या काळात शिकला, त्याच्या पदवीचीही किंमत झाली पाहिजे असे माझे म्हणणे आहे.

तिसरा आक्षेप चतुरांचा. ते म्हणतात, हे लोक ज्ञानासाठी शिकत नाहीत. शिक्षेत सूट मिळेल, तुरुंगाधिकाऱ्यांचे मत चांगले होईल, वेळ जाईल म्हणून शिकतात. शक्य आहे. पण मी विचारतो, बढतीच्या खातेअंतर्गत परीक्षेला आपण सारे ज्ञानाच्या ओढीने बसलो होतो काय? वेतनश्रेणीच्या आशेने वाचलेले नियमही डोक्यात राहतातच. माणूस पुस्तकाकडे कोणत्या हेतूने गेला यापेक्षा पुस्तकाने त्याचे काय केले, हे पाहणे अधिक शहाणपणाचे.

ते पाहिलेही गेले आहे. १९९४ हे साल या बाबतीत मोठे चमत्कारिक आहे. ज्या वर्षी तिहारमध्ये विद्यापीठाचे केंद्र उघडले, त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून कैद्यांना मिळणारे पेल अनुदान, म्हणजे महाविद्यालयीन शिक्षणासाठीचे सरकारी साहाय्य, बंद केले. तेथेही ओरड हीच होती: आमची मुले कर्ज काढून शिकतात आणि गुन्हेगार फुकट! काही महाविद्यालये मात्र स्वस्थ बसली नाहीत. न्यूयॉर्क राज्यातील बार्ड कॉलेजने २००१ पासून तुरुंगात आपले वर्ग नेले. २०१५ साली तेथील कैद्यांच्या वादसंघाने हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना वादसभेत हरवले, तेव्हा सारे जग चकित झाले. २०१३ मध्ये रँड या संशोधनसंस्थेने अनेक वर्षांचे अभ्यास एकत्र करून दाखवून दिले की तुरुंगात शिकलेल्यांमध्ये पुन्हा गुन्ह्याकडे वळणारे, न शिकलेल्यांच्या मानाने, शंभरांमागे सुमारे तेराने कमी असतात. आणि शिक्षणावर खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे पुढच्या तीन वर्षांत तुरुंगाच्या खर्चाचे चार ते पाच डॉलर वाचतात. अखेर जुलै २०२३ पासून अमेरिकेने ते अनुदान पुन्हा सुरू केले. जवळपास तीस वर्षे वाया घालवून ती मंडळी जेथे आली तेथे आपण १९९४ सालीच होतो. परंतु पुढचे पाऊल आपण टाकले नाही.

ते पाऊल ब्रिटनने १९७४ साली टाकले. तेथील कायद्यानुसार शिक्षा भोगून ठराविक काळ नव्या गुन्ह्यावाचून गेला की बहुतेक नोकऱ्यांपुरती ती जुनी शिक्षा सरली असे धरले जाते आणि उमेदवाराला ती सांगण्याचे बंधन राहत नाही. मुलांशी अथवा असहायांशी संबंध येणारी कामे वगळली आहेत, आणि ती वगळणे योग्यच आहे. शाळेच्या आणि तिजोरीच्या दारात काळजी घ्यावी, याला माझा विरोध नाही. आपल्याकडेही हे तत्त्व अनोळखी नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याच्या १२ व्या कलमाने, चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याचे २४ वे कलम बालकाला, काही अपवाद वगळता, तेच संरक्षण देते. राहिला तो प्रौढ माणूस, ज्याने शिक्षा पुरी भोगली. त्याच्यासाठी कलम नाही. २०१६ साली अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की माहिती खरी दिली तरी उमेदवाराच्या पूर्वेतिहासाचा विचार करण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्याला आहे, आणि किरकोळ प्रकरणे नजरेआड करण्याची मुभाही आहे. म्हणजे न्यायालयाने आपल्याला विचार करायला सांगितले. आपण मात्र त्याचा अर्थ ‘नाकारायला मोकळीक’ असा लावला, कारण नाकारणाऱ्या कारकुनाला कोणी जाब विचारत नाही.

खासगी धंद्याची भलावण करण्याची मला हौस नाही. तरीही लक्षात ठेवावे की २०११ साली तिहारच्या आत कंपन्यांना बोलावून, सुटकेच्या वाटेवर असलेल्या कैद्यांच्या मुलाखती घडवल्या गेल्या आणि अनेकांना नोकरीची पत्रे मिळाली. नफ्यातोट्याचा हिशेब करणारा व्यापारी जो धोका पत्करतो, तो कल्याणकारी म्हणवणाऱ्या राज्यसंस्थेला पत्करवू नये?

धोक्याचाच विषय निघाला आहे तर आपल्या मुलखातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर नावाची वसाहत वसवली गेली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची कल्पना आणि औंधच्या राजेसाहेबांचा पाठिंबा. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसे तेथे भिंतीवाचून, बेड्यांवाचून, शेती करीत राहू लागली. त्याच प्रयोगावरून गदिमांनी कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. तो पाहून डोळे न पुसलेला मराठी प्रेक्षक विरळाच. ती वसाहत आजही आहे आणि कैद्यांची कुटुंबे तेथे त्यांच्यासोबत राहतात. एवढ्याशा संस्थानाच्या राजाने खुनाची शिक्षा झालेल्या माणसांवर जेवढा विश्वास टाकला, तेवढा आपण एका निर्दोष सुटलेल्या पदवीधरावर टाकू शकत नाही. मग त्या चित्रपटासाठी आपण ढाळलेल्या अश्रूंची किंमत काय? चित्रपटातला कैदी आपल्याला प्रिय आहे. पत्रकातला कैदी मात्र नकोसा वाटतो.

केवळ दोष दाखवून थांबणे हे टीकाकाराला शोभत नाही, म्हणून काय व्हावे तेही सांगतो. विद्यापीठांनी सुटणाऱ्या विद्यार्थ्याला फाटकापाशी सोडून देऊ नये. सुटकेच्या दिवशी त्याच्या हातात कपड्यांच्या बोचक्यासोबत नव्या अभ्यासकेंद्राचे पत्र असावे. केंद्रबदलासाठी त्याने अर्ज करायचा नसून तो विद्यापीठाने आपण होऊन करायचा. फीमाफी त्याच्या पदवीपर्यंत चालू राहील अशी लेखी हमी असावी. प्रत्येक प्रादेशिक केंद्रात एक तरी माणूस असा असावा, की ज्याचे काम या विद्यार्थ्यांचा वर्षभर मागोवा घेणे, हेच असेल. हे अशक्य नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने १९९० साली ‘प्रयास’ हा उपक्रम सुरू केला. तेथील समाजकार्यकर्ते तुरुंगात कैद्याला भेटतात, त्याला वकिलाची मदत मिळवून देतात आणि सुटल्यावर निवारा, प्रशिक्षण, काम यांसाठी त्याच्यासोबत उभे राहतात. एका संस्थेने जे तीन दशकांहून अधिक काळ निभावले, ते मैदान गढीत एवढे मोठे आवार असलेल्या राष्ट्रीय विद्यापीठाला जड जाऊ नये.

सरकारकडे मागणे दोन आहेत. कारागृहे हा राज्यसूचीतला विषय म्हणून केंद्राने हात झटकू नयेत. नोकरभरतीचे पत्रक तर केंद्राचेच आहे. गृहमंत्रालयाने १८९४ चा जुना कायदा मागे टाकण्यासाठी २०२३ साली नवा आदर्श कारागृह कायदा तयार करून राज्यांकडे पाठवला आणि त्यात सुटकेनंतरच्या पुनर्वसनाला स्थान दिले. आपल्याच उपदेशाचे पहिले उदाहरण केंद्राने आपल्या पत्रकातून घालून द्यावे. निर्दोष सुटलेल्याला जुनी अटक विचारू नये, मग निकालपत्रात ‘संशयाचा फायदा’ असो की आणखी काही. आणि ज्याने शिक्षा भोगली आहे, त्याच्या बाबतीत ब्रिटनसारखी मुदत कायद्याने ठरवावी. तोपर्यंत निदान एवढा नियम करावा की कारावासात मिळवलेले शिक्षण हा त्याच्या सुधारणेचा लेखी पुरावा म्हणून नस्तीत नोंदलाच पाहिजे आणि नकार द्यायचा तर त्या पुराव्याचा विचार करून, सकारण द्यावा.

शेवटचे मागणे तुमच्या-माझ्याकडे आहे. या मासिकाचे वाचक बहुतेक माझ्यासारखेच, महाराष्ट्राबाहेर कोठल्या ना कोठल्या कचेरीत बसलेले. कोणाच्या हातात टिप्पणी आहे, कोणाच्या हातात सही. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. टिप्पणीत तिसरी ओळ लिहायला कोणाची मनाई आहे? आपल्यातील निवृत्तांना वेळ कसा घालवावा हा प्रश्न पडलेला असतो. त्यांच्यापैकी कित्येकांनी अर्थशास्त्रात, इतिहासात, वाणिज्यात पदव्या मिळवल्या आहेत. तिहारमध्ये, मंडोलीत, गाझियाबादच्या डासन्यात, गुरुग्रामच्या भोंडसीत शिकवायला माणसे लागतात. गणेशोत्सवाच्या वर्गणीइतकाच उत्साह आपल्या मंडळांनी या कामी दाखवला, तर तसबिरीतल्या लोकमान्यांना हाराहून ते अधिक आवडेल.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते मला कळलेले नाही. पत्र पाठवल्यावर एकदा तो कचेरीत आला होता. भांडला नाही. त्याने एवढेच विचारले, ‘साहेब, मी खोटे लिहिले असते तर चालले असते का?’ मी त्याला नियम सांगितला, की खोटे लिहिणे ही तर थेट अपात्रता. त्याने मान हलवली, कागदांची पिशवी उचलली आणि तो गेला. त्याच्या प्रश्नाचा खरा अर्थ मला तो गेल्यावर कळला. खरे लिहूनही दार बंद आणि खोटे लिहूनही दार बंद, तर मग तुम्ही मला आत शिकवलेत कशासाठी?

त्या टिप्पणीतली तिसरी ओळ मी लिहिली नाही. नस्ती आता अभिलेख कक्षात आहे आणि तेथे जाऊन ती दुरुस्त करता येत नाही. म्हणून ती येथे लिहितो. ‘उमेदवार निर्दोष सुटला असून अटकेच्या काळात त्याने पदवीचे शिक्षण सुरू केले व पुढे ते पुरे केले, ही बाब त्याच्या चारित्र्याच्या बाजूने विचारात घेण्याजोगी आहे, नेमणुकीस हरकत दिसत नाही.’ पुढचे असे पत्रक ज्यांच्या मेजावर येईल, त्यांनी ही ओळ खुशाल उतरून घ्यावी.